पॅकिंग नवं, गळती जुनीच

उन्हाळा चढला की घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीच्या सोसायट्यांमध्ये पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या वाढतात. टँकर रिकामा होऊन निघून जातो आणि फरशीवर ताटलीएवढा काळा डाग मागे राहतो. सेक्रेटरी चालकाला सुनावतात. चालकाचं उत्तर ठरलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं: "साहेब, मागच्याच महिन्यात चेंबरचं पॅकिंग बदललंय."

मालकाने पैसे मोजले, मिस्त्रीने दिवस घातला, पॅकिंग कोरं करकरीत बसलं, तरी तेल गळतंच. आणखी एक गोष्ट अशा गाड्यांच्या बाबतीत हमखास ऐकू येते. आधी तेल टॅपेट कव्हरमधून यायचं. ते बंद केलं तर टायमिंग कव्हरमधून यायला लागलं. तेही बंद केलं तर क्लच हाउसिंगखालून. दरवेळी नवी जागा, नवा खर्च. सगळे सांधे एकामागून एक खराब व्हावेत असं काय होतं त्या इंजिनात?

तेलाची वाट

असा जुना टँकर म्हणजे पुष्कळदा टाटा १६१३ किंवा तिच्याच कुळातली गाडी. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घराण्याची इंजिनं पुढे कित्येक दशकं आपल्या रस्त्यांवर धावत राहिली. त्यांतलं ६९७ हे इंजिन मुंबईतल्या जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. त्याचं माप नावातच आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर, सगळं मिळून ५६७५ सीसी.

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये दहा लिटरांहून जास्त तेल असतं. ऑइल पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि ब्लॉकमध्ये कोरलेल्या वाटांनी बेअरिंगपर्यंत पोचवतो. या वाटेवर तेल दाबाखाली असतं. गाडी धावताना दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो एवढा दाब साधारण दिसतो. बेअरिंगमधून आणि रॉकरवरून सांडलेलं तेल मग कुठल्याही दाबाशिवाय, आपल्या वजनाने चेंबरमध्ये परततं.

गळती समजून घ्यायची तर या दोन वाटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. फिल्टर, प्रेशर मीटरची नळी, टर्बोला तेल नेणारा पाइप हे सांधे दाबाखालचे. तिथे चीर पडली की तेल फवाऱ्याने उडतं, काही मिनिटांत बाजूचं सगळं माखतं, आणि गाडी तिथल्या तिथे बंद करावी लागते. टॅपेट कव्हर, साइड प्लेट, चेंबर हे परतीच्या वाटेवरचे सांधे. इथे तेल नुसतं शिंपडलं जातं, त्यामुळे साधं कॉर्कचं पॅकिंगही त्याला वर्षानुवर्षं अडवू शकतं. पण त्यासाठी इंजिनाच्या आतल्या पोकळीतली हवा आणि बाहेरची हवा यांचा दाब जवळपास सारखा असावा लागतो. टँकरच्या चालकाची तक्रार नेमकी इथे येऊन अडकलेली असते.

बॅक कॉम्प्रेशन

डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. हा दाब पिस्टनवर अडवून धरायचं काम रिंगांचं. पण रिंगा म्हणजे एका जागी कापलेल्या लोखंडी कड्या, त्यामुळे नव्या इंजिनातही थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच. तो चेंबरच्या वरच्या पोकळीत, जिथे क्रँक फिरते तिथे साठतो. गॅरेजमध्ये यालाच 'इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय' असं म्हणतात.

या वायूला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते. तिचं नाव ब्रीदर. जुन्या इंजिनात टॅपेट कव्हरवरून किंवा ब्लॉकच्या बाजूने निघालेला एक पाइप आणि त्याच्या मुळाशी तारेची जाळी, एवढंच ते प्रकरण. जाळी तेलाचे कण अडवते, वायू पाइपातून खाली रस्त्याकडे जातो. हा पाइप कुणी सहसा बघत नाही. गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात तेल, फिल्टर, ग्रीस सगळं असतं, ब्रीदरची जाळी धुतल्याची नोंद क्वचित सापडते.

आता ही जाळी तुंबली असं धरा. घरातल्या कुकरचा विचार करून बघा. शिट्टीच्या नळीत भाताचा कण अडकला की वाफ झाकणाच्या कडेने फसफसायला लागते. अशा वेळी कुणी आधी नवं रबर आणायला बाजारात पळत नाही. नळीत सुई घालून ती मोकळी केली की तेच जुनं रबर वाफ अडवू लागतं. इंजिनातही हेच होतं. रिंगांवरून निसटणारा वायू रोजच्याएवढाच असतो, पण त्याची वाट बंद झालेली असते. दाब वाढतो आणि जो सांधा सगळ्यांत कमकुवत, तिथून तेलाला बाहेर ढकलतो. तो सांधा पक्का केला की दाब पुढच्या कमकुवत सांध्याकडे वळतो. टॅपेट कव्हरनंतर टायमिंग कव्हर आणि त्यानंतर क्लच हाउसिंग, हा क्रम असाच तयार होतो. पॅकिंगचा त्यात काही दोष नसतो.

मुंबईच्या उपनगरांत ब्रीदर तुंबण्याची कारणं भरपूर आहेत. एलबीएस मार्गावर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत टँकर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतो, मग सोसायटीच्या दारात चालू इंजिनाने उभा राहतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. त्याआधी मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर असे ट्रक रांगेत तासन् तास घुरघुरत असायचे. असं उभ्या-उभ्या, मंद गतीवर चालताना इंजिन पुरेसं तापत नाही. डिझेल अर्धवट जळून काजळी होते, पावसाळ्याच्या दमट हवेतलं पाणी आत थंड पत्र्यावर जमतं, आणि काजळी, पाणी, तेल मिळून काळा चिकट गाळ तयार होतो. तो बसतो त्याच जाळीत.

याहून वाईट एक प्रकार रस्त्यावर सर्रास दिसतो. ब्रीदरच्या पाइपातून थोडे थेंब पडणं जुन्या इंजिनात स्वाभाविक आहे, कारण वायूबरोबर तेलाची वाफ येतेच. हे थेंब दिसू नयेत म्हणून पाइपाच्या तोंडाला प्लास्टिकची बाटली घट्ट बांधतात किंवा त्यात चिंधी कोंबतात. थेंब थांबतात, आणि महिन्याभरात तेल दुसरीकडून वाहू लागतं. बाटली लावायचीच असेल तर सैल टांगावी, आणि तिच्या वरच्या भागाला हवा जायला मोठी भोकं ठेवावीत.

झाकण उघडून पाहा

दाब आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. इंजिन तापवा, मंद गतीवर ठेवा आणि तेल भरण्याचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं, सैल ठेवा. झाकण हलकं थरथरलं तर चिंता नाही. ते नाचून खाली पडत असेल आणि भोकातून धुराचे झोत येत असतील, तर पोकळीत वायू जास्त आहे. कधीकधी तेलाची गेजपट्टी आपल्या नळीतून वर सरकलेली सापडते, तीही याच दाबाची खूण.

पुढची पायरी ब्रीदर उतरवून जाळी डिझेलमध्ये भिजवून धुणं, पाइप फुंकून मोकळा करणं, आणि तो कुठे दबला-मुडपला आहे का ते पाहणं. पाइप परत बसवल्यावर, झाकण नेहमीसारखं लावून गाडी काही दिवस चालवा. गळती कमी झाली तर रोग सापडला.

ब्रीदर मोकळा असूनही झाकण तसंच उडत असेल तर वायू फार आहे, म्हणजे रिंगा किंवा लाइनर झिजले आहेत. झोत ठरावीक ठेक्याने येत असतील तर बहुधा एकच सिलिंडर आजारी असतो. जाणता मिस्त्री जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून ते सिलिंडर बंद पाडतो. ज्या सिलिंडरला झोत मंदावतो, तो गुन्हेगार. हे काम अनुभवी हातानेच करावं. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, त्यामुळे उडत्या धारेसमोर हात कधीच नेऊ नये.

तपासणीत दोन गोष्टी हटकून विसरल्या जातात. पहिली, हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर. त्याला वंगण इंजिनातूनच मिळतं, त्यामुळे त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा उलट इंजिनाच्या पोकळीत येते. हवेच्या टाकीचा नळ उघडल्यावर पाण्याबरोबर काळं तेल आलं तर संशय तिकडे न्यावा. चांगल्या इंजिनाचं 'हाफ काम', म्हणजे रिंगा-लाइनर बदलण्याचं काम, काढण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. दुसरी, एअर क्लीनरनंतरचा रबरी होज. पवई, भांडुप, मुलुंडच्या बांधकामांवर फिरणाऱ्या गाडीचा हा होज फाटला तर धूळ न गाळता आत जाते आणि रिंगा-लाइनर घासून काढते. क्लच हाउसिंगखाली दिसणाऱ्या तेलाचं मूळ अशा बोटभर चिरेत असू शकतं, आणि ती चीर तशीच ठेवून नव्या रिंगा टाकल्या तर त्याही लवकरच झिजतात.

थेंब खाली, उगम वर

दाबाचा निकाल लागला की सांध्याकडे वळायचं. इथे सगळ्यांत मोठी फसगत म्हणजे थेंब जिथे पडतो तिथेच गळती आहे असं समजणं. तेल खाली ओघळतं, आणि गाडी धावताना वारा त्याला मागे नेतो. त्यामुळे पुढच्या टॅपेट कव्हरचं तेल मागच्या चेंबरच्या कोपऱ्यातून ठिबकू शकतं. शोध घ्यायचा तो सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत पुढच्या ओल्या जागेचा.

त्यासाठी इंजिन आधी स्वच्छ हवं. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, आणि अंधेरी, बोरिवली किंवा वडाळ्याच्या आरटीओला जाण्याच्या आदल्या दिवशी अनेक गाड्यांची इंजिनं लखलखीत धुतली जातात. खरं तर तोच दिवस गळती शोधायला उत्तम. डिझेलने किंवा डिग्रीझरने धुऊन, हवा मारून इंजिन पूर्ण कोरडं करायचं. मग संशयित सांध्यांवर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर फुंकायची. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून टॉर्च घेऊन खाली शिरलं की पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली काळी रेघ स्पष्ट उमटलेली दिसते. पट्टे आणि पंखा फिरत असताना मात्र हात आत घालायचा नाही, इंजिन बंद करूनच पाहायचं.

> डाग कशाचा?
> रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा, सकाळी पाहावा.
> काळं आणि चोळल्यावर बोटाला काजळी लागणारं: इंजिन ऑइल.
> दाट, पिवळसर-तपकिरी, गंधकाचा उग्र वास: गिअर ऑइल.
> तांबूस आणि पातळ: बहुधा पॉवर स्टीअरिंगचं तेल.
> पातळ, लवकर पसरणारं, डिझेलचा वास: पंप किंवा पाइपाची गळती.
> हिरवट किंवा गुलाबी, पाण्यात विरघळणारं: रेडिएटरचं कूलंट.
> गेजपट्टीवर तेल कमी होण्याऐवजी वाढलं असेल तर डिझेल किंवा पाणी चेंबरमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नये.

आवळण्याची घाई

उगम सापडला आणि तो टॅपेट कव्हर किंवा चेंबरचा निघाला, तर पहिला मोह होतो पाना घेऊन बोल्ट करकचून आवळायचा. कॉर्क किंवा रबर दोन पृष्ठभागांमध्ये दबून त्यांच्यातली सगळी उंचसखल जागा भरून काढतं, म्हणून ते तेल अडवतं. प्रमाणाबाहेर दाबलं की कॉर्क फाटून बाहेर येतो आणि पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टाच्या भोकापाशी वाटीसारखी खोल जाते. मग दोन बोल्टांच्या मधला भाग उचललेला राहतो आणि तेल तिथून येतं. चेंबर उतरवला की त्याची कड सपाट लाकडावर धरून हातोडीने एकेक भोक सरळ करावं लागतं. हे अर्ध्या तासाचं काम टाळलं तर कितीही महाग पॅकिंग आणलं तरी उपयोग नाही.

जुनं पॅकिंग खरवडताना सपाट पृष्ठभागावर ओरखडा पडू देऊ नये. पूर्वीच्या काही पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून ती कोरडी घासून धूळ उडवायची नाही, ओली करून काढायची. नंतर दोन्ही बाजू थिनरने पुसून अगदी कोरड्या करायच्या. बोल्ट मधून कडेकडे जात, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळायचे, शक्य असेल तर टॉर्क पान्याने. कॉर्कचं पॅकिंग पहिल्या तापण्या-निवण्यानंतर थोडं बसतं. ते दुसऱ्या दिवशी एकदा हलक्या हाताने पाहून घ्यावं.

सिलिकॉनच्या ट्यूबबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जिथे कंपनीने सांगितलंय तिथेच आणि बारीक रेघेएवढंच. जाड थर लावला की अर्धा बाहेर येतो आणि अर्धा आत. आतला तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीला चिकटला तर तेलाचा दाब पडतो आणि क्रँकचे बेअरिंग जातात. बाहेरून लावलेली एम-सीलची थापणी तर ओल्या, तेलकट पत्र्यावर धरतच नाही. बाटलीतलं 'लीक स्टॉप' औषध जुन्या रबराला काही काळ फुगवतं, रोग तसाच राहतो.

ड्रेन प्लगखालच्या तांब्याच्या वॉशरची गोष्ट वेगळी. तो एकदा दाबला गेला की कडक होतो आणि पुन्हा नीट बसत नाही. नवा मिळत नसेल तर जुना चिमट्यात धरून गॅसच्या ज्वाळेवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि निवू द्यायचा. तांब्याच्या आतली ताणलेली रचना उष्णतेने पुन्हा मोकळी होते आणि वॉशर बोटाने वाकेल इतका मऊ होतो. वरची काळी पापडी घासून काढली की तो नव्यासारखा बसतो. लोखंडाच्या किंवा रबर चिकटवलेल्या वॉशरला हे चालत नाही.

फिरत्या दांड्यापाशी

क्रँकच्या दोन्ही टोकांना तेल अडवणं अवघड, कारण तिथे एक भाग स्थिर आणि दुसरा मिनिटाला दोन हजारांच्या घरात फेरे घेणारा. तिथे ऑइल सील असतं. त्याची रबरी कड बारीक स्प्रिंगने दांड्यावर टेकलेली असते. कडेखाली तेलाचा केसाहूनही पातळ थर राहावा लागतो, नाहीतर रबर कोरडं घासून जळेल. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतं, त्याला भेगा जातात, आणि दांड्यावरही कड टेकते तिथे चरा पडतो. जुन्या काही इंजिनांत मागच्या बाजूला रबराऐवजी ग्रॅफाइट लावलेली दोरी असायची, ती कालांतराने झिजून सैल होते.

मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच आणि फ्लायव्हील काढावं लागतं. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल आलं तरी लगेच गिअरबॉक्सला हात लावू नये. तेच तेल हेडच्या मागून किंवा टॅपेट कव्हरवरून ओघळलेलं असू शकतं, आणि गंधकाचा वास असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं. ब्रीदर तपासलेला नसेल तर आधी तोच. सगळं पाहून झाल्यावरही खात्री पटली तर एकदाच नीट उघडावं. दांड्यावर नखाला लागेल असा चरा असेल तर नवं सील त्याच जागी बसवण्यात अर्थ नाही. ते दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर बसवावं, किंवा दांड्यावर पातळ स्लीव्ह चढवावी. मेन बेअरिंग झिजून क्रँक डुलत असेल तर कुठलंच सील टिकणार नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग कितीही मिळोत, सील मात्र नेहमी नवं आणि चांगल्या कंपनीचंच घ्यावं.

किती गळती खपवून घ्यावी

वीस वर्षांच्या इंजिनावर कव्हरच्या कडेला नुसती ओल आणि धूळ चिकटलेली असेल तर ते तसंच सोडून दिलेलं बरं. थेंब पडायला लागले की हिशोब करावा. दहा सेकंदांना एक थेंब म्हणजे दहा तासांत ३६०० थेंब. साधारण तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोजचे १२० मिलिलिटर, महिन्याला साडेतीन लिटरांहून जास्त. गेजपट्टी रोज सकाळी पाहणाऱ्या चालकाला हे झेपतं, न पाहणाऱ्याचं इंजिन जातं. एक्झॉस्ट किंवा टर्बोवर पडणारं तेल मात्र एक थेंबही खपवायचं नाही, तिथे आग लागते. क्लच प्लेटवर पोचलेलं तेलही चालत नाही, घाटकोपरच्या पुलाच्या चढावर भरलेला टँकर क्लच घसरून मागे आला तर काय होईल ते सांगायला नको.

शिवाय ते तेल पडतं रस्त्यावर. जूनच्या पहिल्या सरीत ते पाण्यावर तरंगून वर येतं आणि दुचाकीवाले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांवर घसरतात. अग्निशमन दलाचे जवान माती टाकायला येतात, तोपर्यंत कुणाचा तरी हात मोडलेला असतो. रस्त्याच्या कडेचं गटार पुढे नाल्याला मिळतं. साकीनाका, कुर्ल्याकडचं पाणी विहार आणि पवई तलावांपासून निघणाऱ्या मिठी नदीतून माहीमच्या खाडीला जातं. घाटकोपर, भांडुप, मुलुंडचं पाणी ठाणे खाडीला मिळतं. या खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली.

म्हणून इंजिन धुण्याचं काम रस्त्यावर करू नये. खाली ट्रे ठेवावा, सांडलेल्या तेलावर पाणी न ओतता लाकडाचा भुसा टाकून तो भरून घ्यावा. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवं. ते बंद झाकणाच्या कॅनमध्ये वेगळं साठवावं. त्यात कूलंट, थिनर किंवा धुण्याचं डिझेल मिसळू नये, मिसळलेलं तेल शुद्ध करणं कठीण होतं. आणि काम करताना हातमोजे घालावेत, कारण वापरलेल्या इंजिन ऑइलमधली रसायनं वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिली तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आपल्या गॅरेजांमधली पोरं आजही तेच तेल कोपरापर्यंत माखून घेतात. त्यांना मोज्यांची जोडी देणं हे मालकाचं काम आहे.